सर्व्हरवर सोर्समधून नवं पायथन टाकताना जुन्याला हात का लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत काम करणाऱ्या डेव्हलपरकडे मस्जिद बंदरमधल्या एका घाऊक पेढीचं बिलिंगचं ॲप्लिकेशन आहे. सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, त्यावर उबुंटू २०.०४ (लिनक्सची एक आवृत्ती), सोबत आलेलं पायथन ३.८, जँगो ३.२ (वेब ॲप्लिकेशनचा पायथनमधला सांगाडा) आणि पोस्टग्रेस १२ (डेटाबेस). एका नव्या लायब्ररीला पायथन ३.१० किंवा पुढचं हवं होतं, म्हणून त्यांनी ३.१२ चा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून कम्पाइल केला (मशीनला चालेल अशा रूपात बांधला) आणि 'मेक इन्स्टॉल' ने बसवला. मग नुसतं 'पायथन३' टाइप केल्यावर नवंच यावं म्हणून /यूएसआर/बिन मधली सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) फिरवली. तेव्हापासून 'ॲप्ट अपडेट' शेवटी एरर देतंय (ॲप्ट म्हणजे उबुंटूचा पॅकेज मॅनेजर, सॉफ्टवेअर टाकणारं आणि काढणारं साधन). ॲप्ट कसं दुरुस्त करू, कम्पाइल करताना काय चुकलं, आणि जुनं ३.८ काढून टाकलं तर गोंधळ मिटेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. नाही, ३.८ अजिबात काढू नका. खात्री करायची असेल तर 'ॲप्ट रिमूव्ह' ला 'सिम्युलेट' चा पर्याय लावून नुसती यादी बघा. नेटवर्क जुळवणारं नेटप्लॅन, क्लाउडवरच्या मशीनची सुरुवातीची मांडणी करणारं क्लाउड-इनिट, आपोआप सिक्युरिटी अपडेट टाकणारं पॅकेज, ही सगळी पायथनवर उभी आहेत आणि त्याच्याबरोबर जातील. सर्व्हर तेवढ्यापुरता चालू राहील, पण पुढच्या रीबूटनंतर नेटवर्क वर आलं नाही तर क्लाउडवरच्या मशीनपर्यंत पोचायचं कसं? मशीन समोर असतं तर कीबोर्ड लावता आला असता.

आता मूळ दुखणं. तुम्हाला वाटतंय की कम्पाइल करताना काहीतरी चुकलं. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं कम्पाइल बऱ्यापैकी नीट झालंय. अडचण मालकीची आहे. उबुंटूबरोबर येणारं पायथन हे तुमच्यासाठी दिलेलं नसतं, ते ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःसाठी ठेवते. इमारतीची कॉमन पाइपलाइन आपल्या फ्लॅटमधून जात असली म्हणून आपण तिचा व्यास बदलत नाही, आपली लाइन वेगळी टाकतो. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवरही हेच आहे. सेंटओएस ७ वर यम (तिथला पॅकेज मॅनेजर) हे पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं, आणि 'पायथन' ची लिंक ३ कडे वळवली की यम सुरू होतानाच सिंटॅक्स एरर देऊन बसायचं. जुन्या मशीन सांभाळणाऱ्यांनी हा प्रकार पुष्कळ पाहिलाय.

तुमच्याकडची एरर जवळून पाहू. 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी-पीकेजी' असं तुम्ही लिहिलंय. हे मॉड्यूल शुद्ध पायथनमधलं नाही, सी मध्ये कम्पाइल केलेलं आहे. /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस मध्ये जाऊन त्याची फाइल बघा. तिच्या नावातच 'सीपायथन-३८' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे ती फाइल फक्त ३.८ साठी आहे. सोर्समधून बांधलेलं ३.१२ एरवी या फोल्डरमध्ये बघतही नाही, आणि बघितलं तरी 'सीपायथन-३१२' असं नाव शोधतं, ते सापडत नाही आणि मॉड्यूल नाहीच असं सांगतं. फाइल समोर आहे, तरी नाही! या एररसाठी 'त्या फाइलला दुसऱ्या नावाने कॉपी करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. एरर तिथून हलेल, पण ३.८ च्या अंतर्गत रचनेसाठी बांधलेलं बायनरी ३.१२ मध्ये लोड होईल आणि ते कुठे कोसळेल याचा भरवसा नाही. पॅकेज मॅनेजरवर असा प्रयोग तर मुळीच नको.

दुरुस्ती एका ओळीची आहे. /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंक पुन्हा पायथन३.८ कडे वळवा. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' वापरून बदल केला असेल तर आधी तिथली नोंद काढा, मग लिंक हाताने बनवा. त्यानंतर 'ॲप्ट अपडेट' चालवा. नीट संपलं की पुढचं काम.

'मेक इन्स्टॉल' ने मात्र आणखी एक गोष्ट केलेली असणार. कुठे बसवायचं हे न सांगता चालवलं तर ते /यूएसआर/लोकल/बिन मध्ये 'पायथन३' आणि 'पिप३' (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवणारं साधन) या नावाच्या लिंकही टाकतं. पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड ज्या जागांमध्ये शोधतं त्यांच्या यादीत, ही जागा /यूएसआर/बिनच्या आधी येते. ॲप्टच्या स्क्रिप्टांमध्ये पूर्ण पत्ता दिलेला असल्याने त्यांना फरक पडत नाही, पण ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'एन्व्ह पायथन३' असतं ती गुपचूप नव्या पायथनवर जाते. तेव्हा /यूएसआर/लोकल/बिन मधल्या बिनआकडी लिंक काढून टाका. पायथनच्या मेकफाइलमध्ये 'अनइन्स्टॉल' नाही, त्यामुळे बाकीचा पसारा शोधून शोधून काढावा लागतो. तो तूर्त तिथेच राहू दे, लिंक गेल्या की त्याचा त्रास नाही. शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, म्हणून 'हॅश -आर' करा किंवा नव्याने लॉगिन करा.

पुढचं लिहिण्याआधी एक विचारायलाच हवं. या मशीनवर हा खटाटोप करणं गरजेचं आहे का? उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. उबुंटू प्रो घेतलं तर सिक्युरिटी अपडेट २०३० पर्यंत मिळतात. घेतलं नसेल तर पायथन नवं आणि खालची जमीन जुनी अशी अवस्था होईल. २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आयतंच येतं. म्हणून माझी पहिली पसंती अशी: नवी मशीन उभी करा, त्यावर २४.०४, त्यावर ॲप्लिकेशन, आणि डेटाबेस तिकडे हलवा. सोर्सला हातही लावावा लागत नाही. पण तुम्ही म्हणता त्याच मशीनवर पेढीचं एक जुनं अकाउंटिंगचं कनेक्टर आहे, ते बनवणारा माणूस आता उपलब्ध नाही आणि मालक या वर्षी मशीन बदलायला तयार नाहीत. अशा परिस्थितीत सोर्समधून टाकणं हा योग्य मार्ग आहे. डॉकर (ॲप्लिकेशन त्याच्या सगळ्या गरजांसकट वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) जमत असेल तर तोही चांगला, फक्त मशीनवर रोजची देखरेख करणाऱ्याला तो येत असला पाहिजे.

आता कम्पाइलकडे. सर्वात जास्त फसवणूक इथे होते, कारण पायथनचं बिल्ड अर्धवट होऊनही यशस्वी म्हणून संपतं. मशीनवर ओपनएसएसएल या सुरक्षित कनेक्शनच्या लायब्ररीच्या हेडर फाइल (कम्पाइल करताना लागणाऱ्या फाइल) नसतील तर एसएसएल मॉड्यूल वगळलं जातं, एसक्यूलाइटच्या नसतील तर तेही, आणि मेक मात्र व्यवस्थित पूर्ण होतं. दोन दिवसांनी पिप सांगतं की एसएसएल नाही, म्हणून काही उतरवता येत नाही. म्हणून आधी बिल्ड-इसेन्शियल (कम्पायलर वगैरे) आणि या हेडर फाइल देणारी डेव्ह पॅकेजं टाका: एसएसएल, झेडलिब, बीझेड२, एलझेडएमए, एफएफआय, एसक्यूलाइट३, रीडलाइन, यूयूआयडी. मेक संपल्यावर शेवटच्या पंधरावीस ओळी वाचा. 'या ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत' अशा अर्थाची ओळ तिथे असते आणि खाली नावं असतात. टीके असेल तर सोडून द्या, सर्व्हरवर खिडक्या उघडायच्या नाहीत. एसएसएल किंवा सीटाइप्स दिसलं तर थांबा, पॅकेज टाका आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरू करा.

ओपनएसएसएलबद्दल तुमचं नशीब चांगलं आहे. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा पुढचं लागतं, आणि २०.०४ मध्ये १.१.१ आहेच. सेंटओएस ७ वर १.०.२ असल्यामुळे लोक ओपनएसएसएलही सोर्समधून बांधायचे. ते शक्य असेल तोवर टाळावं. सिस्टिमचं ओपनएसएसएल वापरलं तर त्यातली भोकं ॲप्ट बुजवतं आणि तुमच्या पायथनला फायदा आपोआप मिळतो. स्वतः बांधलेल्याची जबाबदारी कायमची तुमच्या गळ्यात पडते. शिवाय ते रूट सर्टिफिकेटं भलत्याच फोल्डरमध्ये शोधतं, आणि मग पेमेंट गेटवेशी बोलताना सर्टिफिकेट पडताळणी फसते.

कॉन्फिगर करताना 'प्रीफिक्स' (बसवायची जागा) द्या, आणि त्यात पूर्ण आवृत्ती लिहा: /ऑप्ट/पायथन/३.१२ एवढंच न लिहिता तिसरा आकडाही. पुष्कळ जण दोन आकड्यांवर थांबतात, मी थांबत नाही. कारण असं की पुढचा सिक्युरिटी पॅच आला आणि त्याच फोल्डरवर बसवला, तर चालू असलेल्या प्रोसेसच्या पायाखालच्या फाइल बदलतात. जी मॉड्यूलं आधी लोड झाली ती जुनी, जी नंतर लागतील ती नवी, आणि अशी सरमिसळ झालेली प्रोसेस देते त्या एररचा अर्थ लावण्यात रात्र जाते. वेगळं फोल्डर असलं की जुनं अखंड राहतं आणि नको झाल्यावर एक फोल्डर पुसलं की काम संपतं.

'एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' चालू ठेवा. यात पायथन आधी बांधलं जातं, मग चाचण्या चालवून त्याचा वापर कसा होतो ते मोजलं जातं आणि त्या मापाने पुन्हा बांधलं जातं. वेळ बराच लागतो, पण एकदाच. 'एनेबल-शेअर्ड' तुम्हाला नको. ते मॉड-डब्ल्यूएसजीआयसारख्या गोष्टींसाठी, जिथे दुसरा प्रोग्राम पायथन पोटात घेतो. गुनिकॉर्नला (जँगो चालवणारा सर्व्हर) त्याची गरज नाही. मेक साध्या युझरने चालवा, सुडो फक्त बसवताना. आणि बसवताना 'मेक ऑल्टइन्स्टॉल', जे 'पायथन३.१२' हेच नाव ठेवतं आणि बिनआकडी 'पायथन३' ला हात लावत नाही. वेगळ्या प्रीफिक्समुळे तसाही धक्का लागणार नव्हता, पण उद्या कोणी प्रीफिक्स विसरलं तर ही सवय वाचवते.

लगेच एका ओळीत एसएसएल, एसक्यूलाइट३, सीटाइप्स, झेडलिब, बीझेड२, एलझेडएमए आणि यूयूआयडी इम्पोर्ट करून बघा. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला की बिल्ड पास.

हे सगळं चालू सर्व्हरवर करायचं का? शक्यतो नको. तुमची मशीन ॲमेझॉनच्या टी मालिकेतली छोटी आहे. लांब कम्पाइलमध्ये तिचे सीपीयू क्रेडिट (जादा ताकद वापरायची शिल्लक) संपतात, बिलिंग कुंथायला लागतं, आणि मेमरी कमी असताना सगळ्या कोअरवर मेक सोडलं तर कर्नल एखादी प्रोसेस मारून मोकळा होतो. ती कम्पायलरची असेल की पोस्टग्रेसची, हे आपल्या हातात नसतं. मी त्याच उबुंटूची एक तात्पुरती मशीन उभी करतो, तिथे बांधतो, /ऑप्ट मधलं फोल्डर टार करून नेतो आणि तात्पुरती मशीन बंद करतो. अट एकच, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती तीच हवी. २२.०४ वर बांधलेलं २०.०४ वर नेलं तर जी-लिबसी (बहुतेक प्रोग्राम ज्यावर उभे असतात ती सी लायब्ररी) जुनं पडतं आणि पायथन सुरूच होत नाही. जिथे बांधाल तिथे टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारं साधन) बांधा. आपल्यातले कितीतरी जण फोनच्या हॉटस्पॉटवरून लोकलमध्ये बसून सर्व्हरवर असतात, आणि कनेक्शन तुटलं की साध्या सेशनमधलं मेकही तुटतं.

इथवर नवं पायथन शेजारी येऊन बसलं, पण एकही गिऱ्हाईक त्यावर नाही. आता ॲप्लिकेशन हलवायचं, आणि खरी जोखीम इथे आहे. जँगो ३.२ अधिकृतपणे पायथन ३.१० पर्यंतच चालतं. ४.२ मात्र ३.८ पासून ३.१२ पर्यंत चालतं, म्हणजे तुमच्या दोन्ही काठांना टेकणारा पूल तोच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुन्या ३.८ वरच जँगो ४.२ करा, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवा, आठवडाभर पेढीला वापरू द्या. मग पायथन बदला. दोन्ही एकदम बदललं आणि बिलात काही बिघडलं, तर कोणामुळे ते कळणार नाही. दुसरा फायदा मोठा आहे. पायथन बदलण्याच्या रात्री डेटाबेसमध्ये काहीच बदलत नाही, त्यामुळे मागे फिरणं निर्धोक राहतं. तुमचं पोस्टग्रेस १२ जँगो ४.२ ला चालतं. एक खाचखळगा सांगून ठेवतो: ४.० पासून सीएसआरएफच्या (परक्या साइटवरून आलेले फॉर्म अडवणारी जँगोची व्यवस्था) विश्वासू पत्त्यांच्या यादीत एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लिहावा लागतो, नाहीतर लॉगिनच्या फॉर्मला ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो. ४.२ चा सपोर्टही एप्रिल २०२६ पर्यंतचाच आहे, तेव्हा ३.१२ वर स्थिरावलात की ५.२ कडे निघा. त्याला पायथन ३.१० किंवा पुढचं लागतं, ते तोवर तुमच्याकडे असेल.

तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये 'डिस्टयूटिल्स', 'इम्प' आणि 'असिंककोअर' शोधा. तिन्ही ३.१२ मधून काढून टाकलीत. 'कलेक्शन्स' मधून थेट 'मॅपिंग' घेणारा कोडही ३.१० पासून मोडतो.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ॲप्लिकेशनच्या पॅकेजांचं वेगळं फोल्डर) जुनीच पुढे ओढू नका. तिच्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता कोरलेला असतो आणि सी मधली पॅकेजं ३.८ साठीच बांधलेली असतात. नव्या पायथनने वेगळ्या फोल्डरमध्ये नवी बनवा आणि पॅकेजं पुन्हा टाका. पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं सायकोपीजी२ सोर्समधून बांधलं जात असेल तर लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज लागेल. 'पिप फ्रीझ' ने निघणारी जुन्या पॅकेजांची यादी डोळे झाकून वापरू नका. जँगो ४.२ ने ३.८ वर 'बॅकपोर्ट्स झोनइन्फो' (टाइमझोनचं पॅकेज) ओढून आणलेलं असेल. ३.१२ मध्ये ते अंगभूत आहे, यादीतून काढा.

बदलाच्या वेळी नवी सिस्टिमडी युनिट (सर्व्हिस सुरू ठेवण्यासाठी लिनक्सला दिलेली नोंद) वेगळ्या पोर्टवर उभी करा, उदाहरणार्थ जुनं ८००० वर आणि नवं ८००१ वर. सर्व्हरवरूनच ८००१ ला विचारून बघा, खोटं बिल काढून ते रद्द करा, पीडीएफ छापा. समाधान झालं की एनजिनएक्समधला (बाहेरून आलेली विनंती ॲप्लिकेशनकडे पाठवणारा वेब सर्व्हर) पोर्टचा आकडा बदला, कॉन्फिगरेशन तपासा आणि रीलोड करा. बिनसलं तर तोच आकडा उलटा. जुनी युनिट आठवडाभर चालू राहू द्या.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, सगळे विसरतात. उबुंटूवर युझरच्या क्रॉनचा पाथ मूळचा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, त्यामुळे 'पायथन३ मॅनेज' अशी ओळ सिस्टिमच्या ३.८ कडेच जाणार. दिवसा वेबसाइट छान चालते आणि रात्रीचा स्टॉक हिशेब बंद पडलेला महिनाअखेर कळतो. प्रत्येक ओळीत नव्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. मागे कामं चालवणारी सेलरी असेल तर तिच्या युनिटलाही हेच.

वेळ निवडताना पेढीचं कॅलेंडर बघा. रविवारी दुकान बंद असतं म्हणता, तर रविवारी सकाळ. रात्री उशिरा करू नका, अडल्यावर मदतीला कोणी जागं हवं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी असतं, त्यांच्या आधीचे दोन दिवस टाळा. गणपतीच्या आठवड्यातही नको, निम्मी माणसं कोकणात असतात.

हे केल्यावर एक काम कायमचं तुमच्याकडे येतं: ॲप्ट तुमच्या ३.१२ ला कधीच अपडेट करणार नाही. ३.१२ ला सिक्युरिटी दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील, आणि आता त्या फक्त सोर्सच्या रूपात येतात. तेव्हा बांधण्याच्या सगळ्या पायऱ्या एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ॲप्लिकेशनच्या रेपोमध्येच ठेवा, आणि पायथनच्या घोषणांची मेलिंग लिस्ट कंपनीच्या सामाईक ईमेलवर घ्या, एकट्याच्या नको. तुम्ही उद्या नोकरी बदललीत तरी पेढीचा सर्व्हर अनाथ होता कामा नये.

सध्या फक्त लिंक परत फिरवा आणि ॲप्ट चालवून बघा. तरी अडलं तर /यूएसआर/बिन आणि /यूएसआर/लोकल/बिन मधल्या 'पायथन' ने सुरू होणाऱ्या सगळ्या नावांची लांब यादी आणि एररच्या शेवटच्या दहा ओळी पाठवा, त्यावरून पुढचं सांगतो.